येतो म्हणाला होतास

चामोर्शी, २६ जुलै

रईस,

फोन करता आला असता, पण तुझा नंबर मीच ब्लॉक केला आहे, आणि आता उघडला तर तुला वाटेल गोपाल नरमला. म्हणून पत्र. पोस्टातल्या बाईंनी अंधेरीचा पत्ता पाहून विचारलं, "स्पीड पोस्ट करू का भाऊ?" मी म्हटलं, "साधंच जाऊ द्या बाई. ज्याले पाठवून राह्यलो त्याले काई घाई नाई."

तू सही केलीस. बातमी तुझ्याकडून नाही, ग्रुपवरून कळली. ज्या प्रवीणला आपण दोघांनी सिम्युलेटरमध्ये घाम फोडून कॅप्टन केलं, त्याने लिहिलं, "रईस सरांनीच केली, मग आपण कशाला थांबायचं?" खाली अंगठ्यांची रांग. संध्याकाळपर्यंत आपल्या बाजूचे सगळे सह्या करून मोकळे. मांडव उठल्यावरही पंगतीत बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा मी एकटा उरलो.

काय ठरलं होतं ते तू विसरला असशील, तर मीच सांगतो. आपली कंपनी त्या मोठ्या कंपनीत विलीन होणार. आपल्याकडे निवृत्ती साठाव्या वर्षी, त्यांच्याकडे अठ्ठावन्नाव्या. त्यापुढे वर्षावर्षाचा करार, तोही साहेबाची मर्जी असली तर. आपण दोघं सत्तावन्नचे. त्यांनी संमतीपत्रं पाठवली, आमच्या अटी मान्य म्हणून सही करा. आपण म्हटलं, करायची नाही. तू आणि मी परीक्षक कॅप्टन. दर सहा महिन्यांनी बाकीच्या वैमानिकांची परीक्षा आपण घेतो, आणि त्या परीक्षेशिवाय कोणाला विमानाला हात लावता येत नाही. आपण दोघं अडून बसलो असतो तर त्यांना साठ वर्षं मान्य करावीच लागली असती. हा हिशेब तूच मांडला होतास, एप्रिलमध्ये, माझ्या घरी, माझी बाकरवडी खात.

आणि जूनचं आठव. तू इकडे आला होतास. माझ्या थोरल्या बहिणीकडे, वच्छलाताईकडे, आपण जेवलो. तुझं ताट माझ्या डाव्या हाताला वाढलं होतं. ते उचलून तू उजवीकडे येऊन बसलास. मी म्हटलं, आज कॅप्टनसाहेब को-पायलट झाले वाटतं. तू नुसता हसलास. मग माझ्या गाडीने नागपूर. नागभीडपासून उमरेडपर्यंत मी एकटा बोलत होतो आणि तू डावीकडच्या खिडकीतून झाडं पाहत होतास. ड्यूटीवर चाललो म्हणालास, आणि अंगात चौकड्यांचा शर्ट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. विमानतळाबाहेर तू मागची बॅग काढून घेतलीस, पुढच्या दारातून पाण्याची बाटली उचलायला वाकलास, तेव्हा मी सरळ विचारलं, "मंग? येतो ना माह्यासंगं?"

दार लावता लावता तू म्हणालास, "येतो."

येतो म्हणाला होतास, रईस. खरं तर एवढंच लिहायला कागद घेतला होता.

गोपाल


चामोर्शी, ९ ऑगस्ट

रईस,

उत्तर नाही. बरं.

माझं नाव रोस्टरवरून गेलं. सही न करणाऱ्याला ड्यूटी नाही असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही, नुसती माझ्या नावापुढची घरं कोरी राहतात. नागपूरच्या घरात दिवसभर येरझाऱ्या घालून कंपनीला शिव्या देत होतो, तर तुझी रीता वहिनी म्हणाली, "मला ऐकवण्यापेक्षा ताईच्या धानाच्या बांधीत जा आणि चिखलाला ऐकवा." म्हणून मी पुन्हा चामोर्शीत आलो आहे.

इथे रोवणी उशिरा चालली आहे. बाया ओळीने वाकून धानाचे पऱ्हे लावत मागे मागे सरकतात. मी पेंढ्या पोचवायला बांधीत उतरलो आणि चार पावलांत बसलो. बाया इतक्या हसल्या की गाणं थांबलं. वच्छलाताई बांधावरून म्हणते, "तुले चिखलात चालता येत नाई, तू इमान कसा चालवते गा?"

तिला मी विलीनीकरण समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्यात काय मोठं? दोन घरच्या म्हशी एका गोठ्यात बांधल्या का चार दिस शिंगं लागतेच." मग पदर खोचत, "पण तुमच्यात तं तुमच्याच गोठ्यातली म्हैस पयले तिकडे गेली." अशिक्षित म्हणवते स्वतःला. मी जेवलो नाही त्या दिवशी.

तुला सबब हवी असेल, तर ती मी आधीच बंद करतो. ऐकू आलं नाही, असं म्हणू नकोस. मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमधला, तू बल्लारपूरच्या स्टेशनमागचा. शाळेत असताना तुझ्या अंगणात बाजेवर पडून आपण पैजा लावायचो, येणारी गाडी नागपूरकडची की काझीपेठकडची. शिट्टीसुद्धा झालेली नसायची. तू डोळे मिटून सांगायचास आणि प्रत्येक वेळी माझ्या वाटची भजी खायचास. असे कान घेऊन हा माणूस विमानात गेला. तीस वर्षं टॉवरच्या खरखरीतून याने नेमका आपल्या विमानाचा आकडा उचलला. आणि हातभरावरून विचारलेला प्रश्न याला कळला नाही?

टॉवर जे सांगतो ते आपण परत म्हणून दाखवतो. जसंच्या तसं, आकड्यासकट. नुसतं 'ओके' म्हणणाऱ्या किती पोरांना तू नापास केलंस? मी तर त्या एका गोष्टीवर कोणाला सोडलंच नाही. मी विचारलं, येतो ना. तू परत म्हणून दाखवलंस, येतो. याहून पक्कं काय असतं?

नावाचा रईस. दिलाचा किती, ते आत्ता कळलं.

गोपाल


चामोर्शी, ३१ ऑगस्ट

रईस,

आज सहीची शेवटची तारीख. सकाळी नव्या कंपनीच्या एका पोराचा व्हिडिओ कॉल आला. मागे भिंतीवर रोपटं, पुढ्यात हसू. म्हणाला, "सर, तुमचा अनुभव ही कंपनीची संपत्ती आहे." मी म्हटलं, "संपत्ती आहे तर अठ्ठावन्नाव्या वर्षी भंगारात का काढता?" तो म्हणाला, "सर, ते धोरण आहे." धोरण म्हणताना त्याचं हसू जरासुद्धा हललं नाही. हे कुठे शिकवतात कोण जाणे.

मग म्हणाला, "तुमचे सहकारी कॅप्टन रईस यांनीसुद्धा समजून घेतलं, सर." तुझं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि मी लॅपटॉप मिटला. मिटला म्हणजे आपटला. भाच्याचा होता, बिजागरी गेली.

सही केली नाही. करणार नाही. रीताचा फोन आला, ती म्हणते, "आता कोणासाठी अडून बसलाय? सगळे गेले." खरं आहे. आता सही न करून मी साठ वर्षं वाचवू शकत नाही, हे मला कळतं, मी काही दुधखुळा नाही. पण मी शब्द दिला होता. ज्याला दिला तो पळाला म्हणून शब्द पळत नाही. तुझ्याकडे तो कसा राहतो, कुठल्या खिशात ठेवतोस, मला एकदा बघायचं आहे.

ताईने आज अंबाडीची भाजी केली. तुला आवडते म्हणून तुझी आठवण काढली. मी तिला म्हटलं, त्या माणसाचं नाव या घरात काढू नको. ती म्हणाली, "घर माहं हाय." मी भाजी वाढून घेतली.

गोपाल


चामोर्शी, १९ सप्टेंबर

रईस,

कंपनीचं पत्र आलं. नोव्हेंबरात वाढदिवसाच्या दिवशी निवृत्ती. करार नाही. तोवर ड्यूटी नाही, घरी बसा. शेवटी 'आपल्या सेवेबद्दल ऋणी आहोत'. मागणीनुसार नेमून दिलेल्या तारखेला आयकार्ड जमा करणे.

याचा अर्थ तुला मी सांगायला नको, पण सांगतो. माझी शेवटची फ्लाइट होऊन गेली आणि मला पत्ता नव्हता.

आपलं ठरलं होतं. माझ्या शेवटच्या फ्लाइटला उजव्या सीटवर तू, तुझ्या शेवटच्या फ्लाइटला मी. दोन कॅप्टन एकत्र बसवायला रोस्टरवाले कुरकुरतात, पण शेवटच्या दिवशी कोणी नाही म्हणत नाही. मागे घरचे बसलेले. वच्छलाताई पहिल्यांदा विमानात, खिडकीशी. मी माइकवर बोलणार आणि मला बोलता आलं नाही तर पुढचं तू बोलणार. उतरल्यावर अग्निशमनचे बंब दोन्हीकडून पाण्याची कमान धरणार. दुसऱ्यांच्या वेळी आपण त्या पाण्याखालून किती वेळा गेलो, आणि प्रत्येक वेळी तू म्हणायचास, "गोपाल, आपल्या टायमाले पाणीकपात नको व्हायले पाह्यजे."

मी आठवून पाहिलं, माझी शेवटची कोणती. रायपूरहून मुंबई. दुपारची. उजवीकडे एक पोरगी होती, तिला जेवणाचं पाकीट चुकीचं आलं म्हणून ती घुश्शात होती. मला जोराची लागली होती. उतरलो, इंजिनं बंद केली, बॅग उचलली आणि मागे न पाहता तडक मुतारी गाठली. झाली चौतीस वर्षांची सेवा.

हे मी तुझ्या नावावर टाकतो आहे. कंपनीला मी शिव्या देतो, पण कंपनी परकी, तिच्याकडून अपेक्षा नव्हती. तू सही केली नसतीस तर आज मी रोस्टरवर असतो आणि हा कागद मला आला नसता. माझी कमान तू मोडलीस. हे शेवटचं पत्र समज. यापुढे तुझ्या घरी काही बरंवाईट झालं तरी मला कळवू नकोस, आणि माझ्या घरचं तुला कळणार नाही.

गोपाल


चामोर्शी, बाजारात, ४ ऑक्टोबर

रईस,

शेवटचं म्हटलं होतं. पण आज तुझे थोरले भाऊ भेटले, आणि आता मला धड बसवत नाही. त्यांच्याच कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून, लहान पोरींचे फ्रॉक जिथे टांगले आहेत त्याच्या खाली, हे लिहितो आहे. कागद त्यांच्या बिलबुकाचा मागचा कोरा भाग आहे. अक्षर वाकडं येईल. चालवून घे.

ताईबरोबर मिरच्या घ्यायला बाजारात आलो होतो. बल्लारपूरहून बाजाराला येणाऱ्या बाबूभाईंचं कापडाचं दुकान दिसलं आणि मी मान वळवली. मीच वळवली. त्यांनी हाक मारली, "काय गा गोपाल, मोठा साहेब झाला, वळख बी देत नाई?"

मी तुसडेपणाने म्हटलं, "वळख कशी सोडाव ते तुमच्याच भावानं शिकवलं, बाबूभाई."

ते फ्रॉकची घडी घालत होते, ते थांबले. "म्हंजे त्यानं तुले सांगितलंच नाई."

"काय सांगन? सही केली ते? ते साऱ्या दुनियेले मालूम हाय."

"त्याचा उजवा कान गेला, गोपाल. मे महिन्यात. सकाळी उठला तं त्या बाजूनं आवाजच नाई. डॉक्टर म्हणे, आतली नस गेली, येनार नाई वापस. तवापासून इमान चालवलं नाई त्यानं. स्वताच जाऊन मेडिकल बोर्डाले सांगितलं. जूनमंदी तू नागपूरले सोडलं ना, तवा दिल्लीले तपासनीलेच चालला होता."

माझ्या हातात मिरच्यांची पिशवी होती, ती ताईने काढून घेतली. मी विचारलं, मग सही का केली.

"बोर्ड आखरी निकाल द्याले कितीक महिने लावते म्हणे. इकडे कंपनी बदलून राह्यली. सही नाई केली तं लायसन गेल्यावर पैसे भेटते तो इमा तुटते, दवाखान्याचा खर्च बी तुटते. अन् एकदा निकाल आला का नोकरीच नाई. काय करन तो?"

"मले काऊन नाई सांगितलं?"

"मी बी तेच म्हटलं. तं म्हणे, गोपालले सांगितलं तं तो पयले माह्यावर चिडन, अन् मंग मी एकटा नको पडाव म्हून स्वता सही करून टाकन. त्याची लढाई माह्या कानापायी काऊन बुडवू."

मग ते म्हणाले की तू मुंबईत नाहीसच. जुलैपासून बल्लारपूरला, स्टेशनमागच्या जुन्या घरात आहेस. माझी पत्रं अरीबा वहिनी मुंबईहून तिकडे धाडतात. तू ती दोन-दोनदा वाचतोस आणि उशीखाली ठेवतोस. आणि गाडी आली की अंगणात उभा राहून त्यांना विचारतोस, "भाई, नागपूरवाली का काझीपेठवाली?" एका कानाने आवाज येतो, बाजू कळत नाही.

आता ऐक. माझा राग गेला असं समजू नकोस. तो वाढला आहे.

तुझं म्हणणं बरोबर होतं. मी चिडलो असतो. मग सही केली असती. शंभर टक्के केली असती, तुझ्या शेजारी बसून, तुझ्याच पेनने. पण ती मी केली असती, रईस. माझं डोकं, माझा हात, माझा निर्णय. तू माझ्या वतीने ठरवून टाकलंस की मला लढू द्यायचं, आणि मी इथे चिखलात कोणाशी लढत होतो? तुझ्याशी. कंपनीने बोटसुद्धा उचललं नाही आणि तिचे दोन्ही परीक्षक घरी बसले. एक कानाने, एक रागाने. त्या हसऱ्या पोराला पगारवाढ मिळाली असेल.

आणि मी. मी लोकांच्या परीक्षा घेतो. पोरगा चेकलिस्टवरून अर्धी ओळ गाळतो ते मला बाजूला न पाहता कळतं. तू ताट उचलून उजवीकडे आलास, म्हणजे माझा आवाज तुझ्या डाव्या कानाला यावा म्हणून, आणि मी विनोद केला. गाडीत मी नेमका तुझ्या मेलेल्या कानाशी नागभीड ते उमरेड भाषण ठोकलं आणि वर म्हटलं, बघा कसा तोंड फिरवतो. चौकड्यांचा शर्ट घालून कोणी ड्यूटीवर जातं का? ताई म्हणते, तिला तेव्हाच शंका आली होती, तिने वरण हवं का म्हणून दोनदा विचारलं तरी तू नुसती मान हलवत राहिलास. तिने मला सांगितलं नाही, कारण मी त्या दिवशी कोणाला बोलूच देत नव्हतो.

आणि तो शब्द. कॉकपिटमध्ये तसलं उत्तर आपण एक क्षण चालवून घेतलं नसतं. पण आपण मराठीत बोललो, आणि तिथेच मेलो. आपल्याकडे जाणारा माणूस जातो म्हणत नाही. येतो म्हणतो. तू वाकून बाटली घेत होतास, मी उजवीकडून विचारलं, तुला काही ऐकू आलं नाही. माझे नुसते ओठ हललेले दिसले असतील, वाटलं असेल निरोप घेतो आहे. तू म्हणालास, येतो. म्हणजे चाललो. आणि मी एवढ्या एका शब्दावर चार पत्रं लिहिली. तू परत म्हणून दाखवलं नव्हतंस, नुसता निरोप घेतला होतास. ते मी पुन्हा विचारून घ्यायला हवं होतं. दोघंही नापास.

तिसऱ्या पत्रात शब्द कुठल्या खिशात ठेवतोस वगैरे लिहिलं, ते फाड. गाड्यांच्या पैजेचं लिहिलं तेही फाड. ते वाचून तू अंगणात उभा राहिला असशील, याचा विचार केला की मला इथे भर बाजारात काय करावं कळत नाही. चौथं फाडू नकोस. त्यातली मुतारी वाचून तू हसला असशील, हे मला ठाऊक आहे. तुझी शेवटची फ्लाइटसुद्धा अशीच कुठेतरी होऊन गेली असेल. ती कोणती, ते मला तोंडाने सांग.

तुझा नंबर उघडला आहे. फोन मात्र करत नाही. फोनवर तू कोणता कान लावतोस ते मला माहीत नाही, आणि आता मी अंदाजावर काही ठेवणार नाही.

बाबूभाई आवराआवर करत आहेत, हे पत्र त्यांच्याच हाती देतो. उद्या सकाळी ताईला घेऊन गाडीने निघतो. ती अंबाडीची भाजी करून घेणार आहे. मी तुझ्यावर ओरडणार आहे, त्याची तयारी ठेव. शेजारच्यांना आधीच सांगून ठेव. अंगणात बाज टाक. मी तुझ्या डाव्या हाताला बसेन, म्हणजे तुला ऐकू येईल. डावी सीट कॅप्टनची असते, तेव्हा उद्या कॅप्टन मी आणि उजवीकडे तू. वाद घालायचा नाही. गाडी आली की कुठली ते मी सांगीन. माझं चुकेल, नेहमी चुकायचं. भजी तूच खा.

आणि दार उघडलंस की आधी हे परत म्हणून दाखव, मोठ्याने, जसंच्या तसं. मी जातो असं म्हणत नाही.

येतो.

गोपाल